सोयरिकीपुरती इंग्रजी

३ फेब्रुवारी, मंगळवार

रोज इंग्रजीत दैनंदिनी लिहायची, असा माझ्या इंग्रजीच्या मैत्रीबाईंचा हुकूम आहे. मी आधी मराठीत लिहून काढणार आणि सवडीने भाषांतर करणार. घाईने परक्या भाषेत लिहायला बसलं की माणूस जे येतं तेवढंच लिहितो, खरं लिहीत नाही.

घडलं ते असं. आमची लेक आरोही बेळगावच्या उद्यमबागेत एका कारखान्याच्या ऑफिसात आहे. दिवसभर जर्मन लोकांशी इंग्रजीत बोलते. तिने त्याच ऑफिसातला मुलगा पसंत केला. नाव संगमेश. पोरगा बरा आहे, निर्व्यसनी आहे, मोठ्यांसमोर मान खाली घालतो. पण घर कानडी! त्यातून त्याचे वडील नागेंद्र म्हणजे कन्नडचे कट्टर अभिमानी. पाणीपुरवठ्याच्या कचेरीतून निवृत्त झाले, महांतेशनगरात राहतात. मराठी त्यांना उत्तम येतं, पण मराठीत उत्तर देत नाहीत, असं खुद्द संगमेशनेच सांगितलं.

मला काय अभिमान कमी आहे? कंग्राळीत खत-बियाण्यांचं दुकान चालवण्यात माझी हयात गेली. दिवसभर गिऱ्हाइकांशी कानडीत बोलतो, पण ती कानडी नव्हे, तो व्यापार. घरच्या कार्यात मात्र कानडी शब्द काढणार नाही, हे मी भर सभेत माइकवरून सांगितलेलं आहे. माइकवरून बोललेलं मागे घेता येत नाही.

त्यामुळे बोलणी कुठल्या भाषेत करायची, इथेच गाडं अडलं. संगमेशने हिंदी सुचवली. मी म्हटलं, सोयरीक करायची आहे की लॉरी भाड्याने ठरवायची आहे? शेवटी आरोही म्हणाली, "आप्पा, मग इंग्लिशमध्ये बोला की. जगाची भाषा हाय. तुमचाबी मान ऱ्हाईल, त्यांचाबी."

विचार केला, मुद्दा बिनतोड आहे. इंग्रजाशी आपलं भांडण केव्हाच मिटलं. आता इथे त्याचा कुणाला राग नाही.

माझा खरा बेत मी फक्त जयाबाईला सांगितलाय. इंग्रजी शिकायची, महांतेशनगरात जायचं आणि त्याच इंग्रजीत अदबीने नकार देऊन परत यायचं. ऐकून बायको म्हणाली, "पोरीला मराठीत न्हाय म्हणायला तोंड उघडंना, आन् व्याह्याला इंग्रजीत म्हणणार व्हय?"

व्याही कुठला? अजून काही ठरलेलं नाही.

५ फेब्रुवारी

मैत्रीबाई म्हणजे आरोहीची कॉलेजातली मैत्रीण. निपाणीच्या. आज्जी शेवंताबाई तंबाखूच्या वखारीत राबली आणि नात इंग्रजीची एम.ए. होऊन बेळगावात कॉलेजवर शिकवते. वयाने आरोहीएवढीच, पण मला शिकवते म्हणून मी बाई म्हणतो. संध्याकाळी दुकानात येते. पोत्यांच्या मधे दोन खुर्च्या टाकून आमचा वर्ग भरतो.

पद्धत अशी की व्याकरण नाही, नुसती वाक्यं पाठ करायची. "वेलकम." "इट इज अवर गुड फॉर्च्युन." "वुई आर व्हेरी हॅपी." "नो प्रॉब्लेम." "ॲज यू विश." आज ही पाच घोटली. रिकाम्या दुकानात मी पोत्यांना वेलकम केलं.

मी विचारलं, नकाराची वाक्यं कधी?

"ती ॲडव्हान्स कोर्सला येतात, काका."

असेल. गाडी शिकतानाही ब्रेक मागाहूनच शिकवत असावेत. मला गाडी येत नाही.

९ फेब्रुवारी

आज मैत्रीबाईंशी वाद घातला. म्हटलं, ही कसली जगाची भाषा? हिच्यात मान नाही. कलेक्टरलाही 'यू' आणि आमच्या दुकानात पोती उचलणाऱ्या शामूलाही 'यू'.

बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "त्याच्यासाठीच शिकले मी, काका. तुमचं भांडण मराठीला मान का कन्नडला मान, हे हाय. आमच्या आज्जीला वखारीत मराठी मुकादम 'ए' म्हणून हाक मारायचा आणि कन्नड मुकादम पण 'ए' म्हणूनच. मी पहिल्यांदा इंग्लिशमधून मुलाखत दिली, तेव्हा समोरचे साहेब म्हणाले, प्लीज सिट डाऊन. मी घरी जाऊन आज्जीला तेवढंच सांगितलं. ती रडली."

त्यांची खुर्ची डगमगत होती, ती बदलून माझी दिली.

जाताना म्हणाल्या, आज लवकर निघते, महांतेशनगरात आणखी एक वयस्कर विद्यार्थी आहेत. फार हट्टी आहेत म्हणे. सोप्या गोड वाक्यांत त्यांचं मन लागत नाही, त्यांनाही सारखी नकाराची वाक्यं हवी असतात. असतो एकेकाचा स्वभाव. मला त्यांच्या घरच्यांची कीव आली.

१४ फेब्रुवारी

बोलणी करायची तारीख जवळ आली आणि आमचा ॲडव्हान्स कोर्स काही सुरू होईना. शेवटी शेजारच्या रवळूकडे गेलो. रवळू पलटणीतून सुभेदार होऊन आला. त्याची इंग्रजी कमी आहे, पण जेवढी आहे तेवढी कडक आहे.

"नकार?" रवळू म्हणाला, "त्यात काय अवघड हाय? रजेचा अर्ज टाकला की आमचा साहेब म्हणायचा, रिक्वेस्ट नॉट ग्रँटेड! बास. फुडं कोण बोलतोय?"

मी म्हणून बघितलं. रवळूला पटेना.

"असं मेंगळट न्हवं रं! टाचा जुळीव. छाती फुडं काढ. नकार पोटातनं आला पायजे."

मग टाचा जुळवून, छाती काढून, पोटातून म्हणालो. युरिया मागायला आलेलं गिऱ्हाईक दारातूनच परत गेलं. रवळू म्हणाला, आता जमलं.

१८ फेब्रुवारी

दुकानाला सुट्टी. आरोही भाकऱ्या थापताना फोनवर संगमेशशी बोलत होती. निम्मं मराठी, निम्मं कानडी, मधे इंग्रजी. हसत होती. मी पेपर वाचायचं सोंग केलं.

इथे कुणी वाचणार नाही म्हणून लिहितो. माझी भीती माइकवरच्या शपथेची नाही. सणाला मी लेकीच्या घरी जाईन, सगळी माणसं भराभर कानडीत बोलून हसत असतील, माझी पोरही हसत असेल. मला शब्द न् शब्द कळेल आणि तरी मी पाहुण्यासारखा हातात कप धरून बसेन. त्या घरात सकाळी उठल्यावर तिच्याशी मराठीत कोण बोलणार? चार वर्षांत ती आमच्याशीसुद्धा अडखळत बोलायला लागली तर?

म्हणून नकार द्यायचा. वाक्य पाठ आहे.

२२ फेब्रुवारी, रविवार

आज गेलो होतो. मी, जयाबाई आणि साक्षीला रवळू. पद्धतीप्रमाणे आरोही घरी थांबली. जे झालं ते जसंच्या तसं लिहितो.

नागेंद्र दारात उभे होते. गडी आडव्या अंगाचा, मिशा पांढऱ्या, चेहरा परीक्षेला बसलेल्या पोरासारखा. हात जोडून म्हणाले, "वेलकम. इट इज अवर गुड फॉर्च्युन."

हे तर मी म्हणायचं होतं! मी म्हटलं, "इट इज अवर गुड फॉर्च्युन."

"वुई आर व्हेरी हॅपी."

"वुई आर आल्सो व्हेरी हॅपी." यातला 'आल्सो' माझ्या मनचा.

त्यांची इंग्रजी अगदी माझ्या तोडीची निघाली. वाक्यं तीच, थांबायच्या जागाही त्याच. माणूस चांगल्या शिक्षकाकडे शिकलेला दिसला. मग दोघांचीही वाक्यं संपली. आम्ही वर बघायला लागलो.

"फॅन," मी म्हटलं. "गुड फॅन."

"नो प्रॉब्लेम," नागेंद्र म्हणाले.

आत जयाबाई आणि त्यांच्या घरच्या बाई केव्हाच रंगल्या होत्या. निम्मं मराठी, निम्मं कानडी, मधेच हसणं, मधेच भांड्यांचा आवाज. बायकांना शपथा नसतात.

जेवायला होळगी होती. होळगी म्हणजे आपली पुरणपोळीच, पण मी तसं म्हटलं नाही. दोन खाल्ल्या. वाढणाऱ्या बाईंनी तिसरी आणली, वर तुपाची वाटी. मराठीत मी बास बास म्हणत ताटावर आडवा पडलो असतो. पण इथे जे बोलायचं ते इंग्रजीत. होळगी ताटाच्या दिशेने खाली येत होती आणि माझ्याजवळ नकाराचं वाक्य एकच होतं. बसल्या जागी ताठ झालो, छाती काढली आणि पोटातून म्हणालो,

"रिक्वेस्ट नॉट ग्रँटेड!"

बाईंचा हात मधेच थांबला. मग नागेंद्र हसायला लागले. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. हे वाक्य मला लिहून दे, असं त्यांनी संगमेशला खुणेने सांगितलं. रवळूने कपाळाला हात लावला. होळगी पडायची ती पडलीच.

हात धुऊन सगळे बाहेर बसलो, तेव्हा नागेंद्रांनी मुख्य प्रश्न काढला. घसा खाकरून म्हणाले, "युवर डॉटर. अवर डॉटर. यू गिव्ह?"

आता काय म्हणू? जे होळगीला म्हटलं, तेच त्यांच्या मुलाला म्हणायचं? ते बरं दिसलं असतं का? रवळू पायाने डिवचत होता. मी दुसरं वाक्य शोधलं. डोक्यात जेवढी होती तेवढी सगळी गोड होती.

"ॲज यू विश," मी म्हटलं. "नो प्रॉब्लेम."

नागेंद्र माझ्याकडे बघतच राहिले. त्यांचा चेहरा असा झाला, जणू त्यांनाही काही वेगळंच ऐकायचं होतं. मग तेही म्हणाले, "नो प्रॉब्लेम." तोवर आतून साखरेची वाटी बाहेर आली. दोघीजणी दारामागे तयारच होत्या.

२३ फेब्रुवारी

सोयरीक ठरली. मी ठरवली, असं सगळा गाव म्हणतोय. आरोही सकाळी पाया पडली. मग ऑफिसला गेली. मी गोदामात जाऊन थोडा वेळ बसलो.

२५ फेब्रुवारी

मैत्रीबाई पेढे घेऊन आल्या. त्यांना म्हटलं, नागेंद्ररावांनाही तुमच्याकडे पाठवतो. इंग्रजी बरी आहे, पण थोडी घासायला हवी. बाईंना चहाचा ठसका लागला. शामूने पाठीवर थापटलं तरी थांबेना.

ॲडव्हान्स कोर्सच्या जागा भरल्यात म्हणाल्या.

८ मार्च, रविवार

आज घरात युद्ध झालं. अजून माझा आवाज बसलेला आहे.

नागेंद्र आणि संगमेश लग्नपत्रिकेचा नमुना घेऊन कंग्राळीला आले. मी म्हटलं, "वेलकम." ते म्हणाले, "व्हेरी हॅपी." चहा झाला. मग पत्रिका पुढे आली. अख्खी इंग्रजीत. एक अक्षर मराठी नाही, एक अक्षर कानडी नाही. आरोही आणि संगमेशने परस्पर करून घेतली होती.

"आप्पा," आरोही म्हणाली, "कुणाचं अक्षर वर आन् कुणाचं खाली, हा प्रश्नच नगो."

मी पत्रिका हातात घेतली. कागद गुळगुळीत, अक्षर सोनेरी. स्वतःचं नाव शोधायला मला वेळ लागला.

"गुड कार्ड," मी म्हटलं.

"व्हेरी गुड कार्ड," नागेंद्र म्हणाले. आणि दोघेही मयताला आल्यासारखे बसलो.

माझ्या डोळ्यांपुढे मनुबाई आत्या होती. उचगावची. घराण्यात आता तीच मोठी. कुठलीही लग्नपत्रिका आली की ती दारात बसते, बोट फिरवत अक्षर अक्षर लावते आणि आपलं नाव सापडलं की सगळ्यांना मोठ्यांदा वाचून दाखवते. हीच तिची शाळा. तिला ही पत्रिका कुठल्या तोंडाने द्यायची? हे मला सांगायचं होतं.

"माय आन्टी," मी म्हटलं. "उचगाव. फिंगर..."

"फिंगर?" नागेंद्र म्हणाले. "यू नॉट लाइक?"

"आय लाइक. आन्टी नॉट लाइक."

"व्हाय आन्टी?"

व्हाय आन्टी! माझं डोकं असं तापलं की पुढचं सगळं कानडीत बाहेर पडलं. कानडीतच पडायला हवं होतं, नाहीतर कळलं नाही म्हणायला त्यांना वाव राहिला असता. म्हटलं, ही लग्नाची पत्रिका आहे की लाइटचं बिल? घरातल्या मोठ्या माणसाने स्वतःचं नाव दुसऱ्याकडून वाचून घ्यायचं? असला कागूद देवापुढे तरी कसा ठेवायचा? देवाला तरी कुठे इंग्रजी येतंय?

नागेंद्र ताडकन उठले. मला वाटलं, चालले आता. पण ते उठले आणि मराठीत सुरू झाले.

"मग मला काय सांगतायसा? मी केलंय व्हय हे? माझ्या काकाला तरी येतंय व्हय वाचायला? मुडदा बशिवला त्या कार्डाचा! आन् हळू बोला की जरा, व्याही! भिताडं पडतील तुमची!"

जयाबाई हातात उलथणं घेऊन बाहेर आली. कोण मराठी पाहुणा आलाय, हे बघायला.

मग आम्ही थांबलोच नाही. मी कानडीतून, ते मराठीतून. मराठी मजकूर आधी की कानडी? वर कुणाचा कुलस्वामी? वाजंत्री कुठली? ते लोक अंड्यालाही शिवत नाहीत आणि आमच्याकडे लग्नाच्या दुसऱ्या दिवशी मटण झालं नाही तर भाऊबंद तोंड दाखवत नाहीत, त्याचं काय? फेब्रुवारीत ज्याला ज्याला आम्ही नो प्रॉब्लेम म्हणालो होतो, त्या प्रत्येक गोष्टीत प्रॉब्लेम निघाला. भिंतीपलीकडून रवळू डोकावला आणि हा आपल्या इंग्रजीतला विषय नव्हे, हे बघून परत गेला.

भांडणाच्या भरात नागेंद्र पुन्हा म्हणाले, "मुडदा बशिवला!" आणि माझं बोलणं तुटलं. ही बायकांची शिवी. पुरुषमाणूस अशी देत नाही. मी कानडीतच विचारलं, ही तुम्ही कुठे शिकलात?

ते खाली बसले. पत्रिकेची कड दुमडत राहिले.

"आईची हाय," म्हणाले. "निपाणीची हुती ती. दिवसभर भांडायची माज्यासंगं. मराठीत भांडायची, मराठीतच जेवाय वाढायची. ती गेली, आन् मग घरात त्या भाषेत भांडाय कुणीच ऱ्हायलं न्हाय. बाकीच्यांसंगं बोलाय नगोच वाटाय लागलं. लोकांस्नी म्हटलं, शपथ घेतलीया."

संगमेश बापाकडे बघत होता. त्यालाही हे माहीत नसावं. मी पाण्याचा तांब्या त्यांच्याकडे सरकवला. माझ्या शपथेचं म्हणाल, तर ती घरच्या कार्यात कानडी बोलणार नाही, एवढीच होती. भांडणाचं त्यात काही नव्हतं.

आत गेलो. आरोही चुलीपाशी डोळे पुसत उभी होती.

"रडू नगो गं," मी म्हटलं. "मोडलं न्हाय."

"म्हायती हाय मला. मोडलं म्हणून न्हाय रडत. तुमी त्यांना बीगरे म्हणालासा, आप्पा."

"कधी?"

"पयल्याच वाक्याला. 'ए बीगरे' म्हणूनच तर सुरुवात केलासा."

बीगरु म्हणजे कानडीत व्याही. मला आठवेना. रागात म्हणालो असेन. ती म्हणाली, रागात कुणी परक्याला बीगरे म्हणतंय व्हय?

मग मी तिला विचारून टाकलं. इतके दिवस पोटात होतं ते. म्हटलं, "त्या घरात सकाळी उठल्यावर तुज्यासंगं मराठीत कोण बोलंल गं?"

आरोहीने उत्तर द्यायच्या आत बाहेरून हाक आली. सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी, खणखणीत निपाणीच्या मराठीतली.

"व्याही! कुठं लपून बसलासा? मटणाचं ऱ्हायलंय की अजून!"

आरोही हसायला लागली. डोळे अजून ओलेच होते. मी तांब्याभर पाणी प्यायलो, घसा साफ केला आणि बाहेर गेलो.